कागदावरचं अपंगत्व

बँकेच्या कर्ज विभागातल्या बाईंनी तो प्रश्न आवाज खाली आणून विचारला, त्यामुळे रूपालीला आधी तो नीट कळलाच नाही.

"मुलीला कुठे दाखवता, मॅडम? माझ्या जावेचा मुलगाही तसाच आहे, म्हणून विचारलं."

"कोणत्या मुलीला?"

बाईंनी समोरचे कागद तिच्याकडे फिरवले. नाशिकच्या म्हसरूळमधला छोटा फ्लॅट सोडून जरा मोठा घ्यायचा म्हणून रूपाली आणि तिचा नवरा दीपक यांनी कर्जाचा अर्ज केला होता. त्यासाठी तीन वर्षांची इन्कम टॅक्सची रिटर्नं लागत होती. रिटर्न भरून देणाऱ्यानं दर वर्षी तिच्या मोबाइलवर पाठवलेली होती, ती तिनं सकाळीच झेरॉक्सवाल्याकडे पाठवून छापून आणली होती, एक ओळही न वाचता. आता बाईंचं बोट एका ओळीवर होतं. अवलंबून असलेली व्यक्ती, मुलगी. अपंगत्व, तीव्र. वजावट, एक लाख पंचवीस हजार. तिन्ही वर्षं तेच.

वेदिका नऊ वर्षांची होती. त्या सकाळी शाळेची व्हॅन चुकू नये म्हणून ती तीन मजले धडाधड उतरत गेली होती.

"यात काहीतरी चुकलंय," रूपाली म्हणाली. "माझ्या मुलीला काही झालेलं नाही."

बाईंच्या चेहऱ्यावरची माया गेली. त्यांनी कागद जुळवून तिच्यासमोर ठेवले. "मग हे आधी निस्तरून या. असं असताना फाइल पुढे पाठवता येणार नाही मला."

रूपाली पेठ तालुक्यात एका पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. करंजाळीपासून आत, दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. तीच प्रभारी मुख्याध्यापिका. दुसरे शिक्षक सहादू सर, त्याच भागातले. रोज सकाळी ती इतर तीन शिक्षिकांबरोबर भाड्याच्या गाडीनं सावळघाट चढून जायची आणि संध्याकाळी परतायची.

तिची रिटर्नं भरून देणारा निवृत्ती तिला शिक्षण परिषदेत भेटला होता. महिन्यातून एकदा आजूबाजूच्या दहा-बारा शाळांचे शिक्षक एका शाळेत जमायचे, तिथं तो खांद्याला बॅग लावून यायचा. आधी कुठल्याशा पतसंस्थेत कारकून होता म्हणे. ऑफिस नाही, पाटी नाही, कसली परीक्षा दिल्याचं कुणी ऐकलेलं नाही, पण बोलायला गोड. रिटर्न भरून द्यायचे पैसे घ्यायचा नाही. रिफंड आला की त्यातले दहा टक्के त्याचे. शिक्षकांना हे फार पटलं होतं. काम झालं तरच पैसे, यात फसवणूक होणार कशी?

पहिल्या वर्षी रूपालीच्या खात्यात सव्वीस हजार आले. त्याआधी कधी दोन-तीन हजारांच्या वर आले नव्हते.

"एवढे कसे आले, भाऊ?" तिनं विचारलं होतं.

"मॅडम, तुम्ही मुलं शिकवा. हे आमच्यावर सोडा."

ती हसली होती. त्या पैशांत दीपकला स्कूटरचा पहिला हप्ता भरता आला. पुढं दर जुलैमध्ये निवृत्तीचा फोन यायचा, "मॅडम, आधारचा ओटीपी आला असंल, सांगा." मुलं पाढे म्हणत असायची. ती एका कानावर हात ठेवून सहा आकडे सांगायची आणि पुन्हा फळ्याकडे वळायची. पहिला रिफंड आला त्याच महिन्यात तिनं सहादू सरांनाही त्याच्याकडे नेलं. "करून घ्या सर, कशाला सोडायचं?" हे तिचेच शब्द होते.

बँकेच्या पायरीवरूनच तिनं निवृत्तीला फोन लावला आणि ती ओळ वाचून दाखवली.

"मॅडम, तो एक रकाना असतो," तो शांतपणे म्हणाला. "प्रत्येकाचं काही ना काही टाकलंय. कुणाचं घरभाडं, कुणाची देणगी. तुमचं स्वतःचं घर, भाडं बसत नव्हतं."

"म्हणून माझ्या मुलीला अपंग केलंत?"

"कागदावर हो. कागदानं कुणाच्या पायाला काही होत नाही. तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं तिचा फोन उचलणं बंद केलं.

दीपक अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. त्याच्या साहेबांनी एका सीएचं नाव दिलं. पल्लवी मॅडमचं ऑफिस गंगापूर रोडला एका दवाखान्याच्या वर होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर रूपाली थेट तिथं गेली. पल्लवी मॅडम चाळिशीच्या आतल्या, बारीक चणीच्या, बोलण्यात मोजक्या. त्यांनी आधी आपली फी सांगितली, एकच आकडा, आणि मग टॅक्सच्या पोर्टलचा पासवर्ड मागितला. तो रूपालीकडे नव्हता. नवा करून घेण्यातच बराच वेळ गेला, कारण तिथं नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही निवृत्तीचे होते; तिच्या फोनवर यायचा तो फक्त आधारचा ओटीपी.

पोर्टल उघडलं तेव्हा आत दोन नोटिसा पडलेल्या होत्या. एक जूनमधली, एक सप्टेंबरमधली. मागच्या वर्षी भरलेलं रिटर्न तपासणीला घेतलं आहे, मुलीच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र सादर करा. आता नोव्हेंबर चालू होता.

"मला कुणी कळवलंच नाही," रूपाली म्हणाली.

"कळवलंय. पण निवृत्तीला." पल्लवी मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "आता मला सांगा, तुम्हाला किती माहीत होतं?"

"हे माहीत नव्हतं. मुलीचं तर अजिबातच नव्हतं."

"आणि बाकी?"

रूपालीनं मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. मग म्हणाली, "रिफंड जास्त येतोय हे कळत होतं. एकदा विचारलं. पुन्हा नाही विचारलं. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि मग मला थांबावं लागलं असतं."

"बरं झालं हे बोललात. नाहीतर मी चुकीचं उत्तर लिहिलं असतं."

मग त्यांनी एकेक वर्ष काढलं. यंदाचं रिटर्न डिसेंबरअखेरपर्यंत सुधारून भरता येणार होतं. सगळ्यात जुनं, त्यावर जादा कर भरून दुरुस्ती करता येत होती. मधल्या वर्षाची तपासणी चालू होती, तिथं आता फक्त उत्तर देता येणार होतं. चूक कबूल करायची, कर आणि व्याज भरायचं.

"आणि दंड?"

"तो अधिकारी ठरवतील. लागणार नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही."

"पण हे सगळं त्यानं भरलं ना? मी तर पाहिलंही नाही."

"तुम्ही दिलेला ओटीपी ही तुमची सही होती, मॅडम. कायद्याच्या दृष्टीनं हे रिटर्न तुम्हीच भरलंय."

पुढचा तासभर त्या प्रश्न विचारत राहिल्या. घराच्या कर्जावर व्याज किती, वेदिकाची फी किती, सासू-सासऱ्यांच्या दवाखान्याचा खर्च कोण करतं, आधीच्या वर्षाच्या पगाराचा फरक कधी मिळाला. निवृत्तीनं यातलं एकही कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर वेदिकाच्या फीची खरी वजावट तीन वर्षं सुटली नसती, असं पल्लवी मॅडम म्हणाल्या.

शेवटी त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "मधल्या वर्षी फॉर्ममध्ये दिव्यांग कार्डाच्या नंबरची जागा आहे. त्यात त्यानं नंबर टाकलाय, आणि तो खरा वाटतो. कुणाचा आहे?"

रूपाली वाकून बघू लागली. ते आकडे तिला वाचावे लागले नाहीत. शाळेची ऑनलाइन माहिती भरताना दर वर्षी ती स्वतः ते टाइप करायची.

"रुद्रचा," ती म्हणाली. "आमच्या सहादू सरांच्या मुलाचा."

रुद्र दहा वर्षांचा होता. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेली, हातपाय ताठ, बोलणं नाही. हजेरीपटावर तो चौथीत होता. आठवड्यातून दोन-तीन दिवस त्याची आजी साळूबाई त्याला चाकाच्या खुर्चीत घालून शाळेत आणायची. मुलं कविता म्हणायला लागली की तो मान हलवून हसायचा. तो हसला की रूपाली ती कविता पुन्हा म्हणायला लावायची.

"त्या सरांचं कामही निवृत्तीकडेच आहे?"

"हो. मीच नेलं होतं."

"मग त्यांना लवकर घेऊन या. एकच नंबर दोन रिटर्नमध्ये टाकला की पकडला जातो. तुमच्याकडे टाकलाय, म्हणजे त्यांच्याकडे टाकला नसणार. तुमचा पगार जास्त, त्यामुळे रिफंड जास्त, त्याचे दहा टक्केही जास्त."

संध्याकाळी तिनं दीपकला सगळं सांगितलं. त्यानं मोबाइलवर कर आणि व्याजाचा हिशेब मांडून पाहिला.

"फ्लॅट गेला ते समजलं," तो म्हणाला. "पण उत्तरात सहादू सरांचं नाव कशाला? नंबर चुकून पडला म्हणायचं. टायपिंगची चूक."

"अहो, मग तो नंबर माझ्याच नावावर अडकून राहील. उद्या सरांनी रुद्रसाठी मागितलं तर त्यांनाच विचारतील."

"तुझी सरकारी नोकरी आहे, रूपाली. दुसऱ्याच्या अपंग मुलाचं कार्ड वापरलं, हे लेखी देणार तू?"

"वापरलं गेलंय."

"तू नाही वापरलंस."

"पैसे आपणच घेतले ना," ती म्हणाली. पुढचे चार दिवस तो तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलला.

सोमवारी शाळेत खिचडीची सुट्टी झाली तेव्हा सहादू सर ओट्यावर बसून वह्या तपासत होते. रूपाली त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"सर, तुम्ही निवृत्तीला रुद्रचं कार्ड दिलं होतं?"

"दिलं होतं की. दोन वर्षांमागं. म्हटलं, याचं काय होत असंल तर बघा. तो म्हणला, तुमच्या पगाराला त्याचा उपयोग नाय."

तिनं सांगायला सुरुवात केली. मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगून टाकलं. सहादू सरांनी हातातली वही मिटली.

"म्हणजे नाव वेदिकाचं, नि कार्ड रुद्रचं?"

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही. पण पैसे मला मिळाले. त्या वर्षीचे सव्वीस हजार."

सर मैदानाकडे बघत होते. दोन मुली नळावर ताटल्या धूत होत्या. "तेवढेच सांगितले होते," ते म्हणाले. "मागल्या दिवाळीला. पाठ धरून ठेवणारी खुर्ची असते ना, तिचे. त्याची पाठ आता वाकायला लागलीय. मी म्हटलं, पुढच्या साली बघू." त्यांचा आवाज चढला नाही. ते उठले आणि मुलांना हात धुवायला सांगत नळाकडे गेले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

शनिवारी रुद्रला थेरपीसाठी नाशिकला आणायचंच होतं. तिथून सहादू सर, साळूबाई आणि रुद्र सगळेच पल्लवी मॅडमच्या ऑफिसात आले. जिना चढताना सरांनी मुलाला उचलून घेतलं आणि रूपालीनं खुर्ची उचलली. सरांनी ती तिच्याकडून मागून घेतली नाही.

पल्लवी मॅडमनी सरांचं रिटर्न उघडलं. "सर, तुम्ही एका पक्षाला ऐंशी हजारांची देणगी दिली आहे."

"कोणत्या पक्षाला?"

"नाव मीही पहिल्यांदाच वाचतेय."

साळूबाईनं सहादू सरांकडं पाहिलं. "ऐंशी हजार? कवा दिलं रं?"

"नाय दिलं, आई. लिहिलंय नुसतं."

"दिलं नाय ते लिहिलं नि पोराचं लिहिलं नाय?"

पल्लवी मॅडमनी साळूबाईलाच विचारायला सुरुवात केली. रुद्रला आंघोळ कोण घालतं, औषधं कुठून आणता, थेरपीला किती वेळा येता, पावत्या ठेवता का. साळूबाईनं पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. जन्मापासूनचे सगळे कागद तारखेनं लावलेले होते. वाचता येत नसताना ते कसे लावले, असं पल्लवी मॅडमनी विचारलं. "रंगावरनं," साळूबाई म्हणाली. "दर दवाखान्याचा रंग येगळा असतो."

मग पल्लवी मॅडमनी सरांना परिस्थिती सांगितली. यंदाचं रिटर्न सरळ सुधारता येईल. देणगी काढायची, रुद्रची वजावट घालायची. मागच्या वर्षांचं मात्र तसं होणार नव्हतं. खोट्या देणगीचा कर व्याजासकट आधी भरावा लागणार, आणि रुद्रच्या वजावटीसाठी उशीर माफ करा म्हणून आयुक्तांकडे वेगळा अर्ज करावा लागणार. तो मंजूर होईलच असं नाही.

"म्हणजे खोटं होतं त्याचे आधी भरायचे," सहादू सर म्हणाले, "नि खरं होतं त्यासाठी अर्ज करून वाट बघायची."

"हो. मला हे गोड करून सांगता येणार नाही. आणि मॅडमचं उत्तर आधी गेलं पाहिजे. त्यात या नंबरचा खुलासा असला तरच तुमचं पुढचं काम स्वच्छ होईल."

तेव्हा सरांनी पहिल्यांदा रूपालीकडे सरळ पाहिलं. "मॅडम, लिहाल?"

"लिहीन," ती म्हणाली.

उत्तराचा मसुदा पल्लवी मॅडमनी केला, पण रूपालीनं त्यातली प्रत्येक ओळ वाचली आणि दोन ठिकाणी बदलायला लावली. 'माझ्या माहितीविना नमूद झालेला क्रमांक' असं होतं, त्यापुढं तिनं घालायला लावलं की तो क्रमांक माझ्या सहकाऱ्याच्या मुलाचा आहे, आणि त्या सहकाऱ्याला याची कल्पना नव्हती. खाली लिहिलं, माझी मुलगी पूर्ण निरोगी आहे. हे वाक्य वाचताना तिला रडू आलं. आपलं लेकरू धडधाकट आहे हे सरकारला लेखी कळवायची वेळ कुणावर येत असेल? फ्लॅटसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून कर, व्याज आणि जादा कर गेला. दीपकनं चेकवर सही केली आणि म्हणाला, "झालं ते झालं." ते तो मनापासून म्हणाला की दमून, हे तिला कळलं नाही.

डिसेंबरच्या शिक्षण परिषदेत तिनं केंद्रप्रमुखांकडून पाच मिनिटं मागून घेतली. तीसेक शिक्षक वर्गातल्या छोट्या बाकांवर बसले होते. निवृत्ती त्या दिवशी आला नव्हता. तिनं कुणाचं नाव न घेता फक्त स्वतःचं सांगितलं. रिटर्नमध्ये काय लिहिलं होतं, नोटिसा कुणाकडे गेल्या, ओटीपी देताना आपण काय करत होतो, आणि आपल्याला कुठं गप्प बसावंसं वाटलं. शेवटी म्हणाली, "आपापलं पोर्टल उघडून एकदा वाचा. आणि शिकलेल्या माणसाकडं जा. तो तुम्हाला प्रश्न विचारील, त्याचा कंटाळा करू नका."

मग मागून एक शिक्षक म्हणाले, "मॅडम, हे इथं कशाला काढलंत? तुमच्यापायी आमच्या फायली उघडतील."

"आमचं तर नुसतं भाडं दाखवलंय," दुसरे म्हणाले. "त्यात काय एवढं."

"आणि सीए काय फुकट करतो का?"

"नाही," रूपाली म्हणाली. "तो आधीच सांगतो किती घेणार ते."

सहादू सर पहिल्या बाकावर बसले होते. ते खाली बघत होते. चहाच्या वेळी दोघांनी तिच्याकडून पल्लवी मॅडमचा नंबर घेतला. एक सायली, नोकरीत नवीनच लागलेली, आणि दुसरे सावळीराम गुरुजी, ज्यांचं निवृत्तिवेतन पुढच्या वर्षी सुरू व्हायचं होतं. बाकीच्यांनी चहा घेतला आणि रजेच्या गोष्टी काढल्या. परतीच्या गाडीत तिच्या शेजारच्या शिक्षिकेनं कानात हेडफोन घातला आणि म्हसरूळ येईपर्यंत काढला नाही.

जानेवारी-फेब्रुवारी तसेच गेले. शाळेत दोघं दोन खोल्यांत शिकवत राहिले. सर कामापुरतं बोलायचे, नीट बोलायचे, पण पूर्वी डबा सोडताना जी भाजीची वाटी तिच्याकडे सरकायची ती आता सरकत नव्हती. रुद्र यायचा तेव्हा साळूबाई त्याला आता सरांच्या खोलीत न्यायची. रूपालीच्या वर्गात कविता सुरू झाली की पलीकडून त्याचा आवाज यायचा.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पल्लवी मॅडमचा फोन आला. तपासणीचा आदेश निघाला होता. कबुली आणि भरलेला कर मान्य झाला होता, पण दंडाची कारवाई वेगळी सुरू केली होती. त्याला उत्तर द्यायला मुदत होती.

"किती होऊ शकतो?"

"जास्तीत जास्त, बुडवलेल्या कराच्या दुप्पट. आपण कमी व्हावा म्हणून मांडणी करू. घाबरू नका म्हणणार नाही, पण सगळं वेळेत होईल एवढं बघेन. आदेश पाठवलाय, सहा पानं आहेत, रुद्रच्या नंबरचाही उल्लेख आहे, वाचा."

फोन ठेवल्यावर ती ओट्यावरच बसून राहिली. चौथीचा पेपर संपला होता, मुलं बाहेर पळत होती. सहादू सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून दारात आले आणि थांबले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. कित्येक महिन्यांत त्यांनी असं आपणहून विचारलं नव्हतं.

तिनं सांगितलं. मग म्हणाली, "इंग्रजीत आहे. सहा पानं. रुद्रच्या नंबरचा उल्लेख आहे म्हणाल्या त्या, पण कसा केलाय ते अजून वाचलं नाही."

सर गठ्ठा बाजूला ठेवून तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसले.

"दाखवा," ते म्हणाले. "पहिल्या पानापासनं वाचू."

तिनं मोबाइल दोघांच्या मध्ये ओट्यावर ठेवला आणि अक्षरं मोठी केली.